आधी मतदारसंघ, मग माणूस

लुइझियानातले चित्रकार जॉर्ज रॉड्रिग यांच्याकडे टिफनी नावाची एक कुत्री होती. ती गेल्यावर काही वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांना भुताच्या एका गोष्टीसाठी चित्र काढायचं होतं. लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसाची गोष्ट, तिकडे खेडोपाडी सांगतात तसली. रॉड्रिग यांनी टिफनीचा जुना फोटो समोर ठेवला, कुत्रीला रात्रीच्या उजेडात बसवलं आणि त्या उजेडाने निळसर केलं. पुढच्या चित्रांत ती अधिकाधिक निळी होत गेली आणि इतकी गाजली की रॉड्रिग यांची बाकीची चित्रं लोक विसरून गेले.

या निळ्या कुत्र्याची चित्रं वॉशिंग्टनमध्ये बिली टॉझिन आणि जिमी हेज या लुइझियानाच्या दोन डेमोक्रॅट खासदारांच्या कचेऱ्यांत लावलेली होती. नोव्हेंबर १९९४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाने तब्बल ४० वर्षांनी प्रतिनिधिगृहातलं बहुमत गमावलं. त्यानंतर पक्षातले काही मध्यममार्गी खासदार या कचेऱ्यांत जमू लागले. बरेचसे दक्षिणेकडचे, खर्चाच्या बाबतीत हात आखडता घेणारे. अमेरिकेच्या दक्षिणेत पक्षाच्या कट्टर मतदाराला ‘पिवळ्या कुत्र्याचा डेमोक्रॅट’ म्हणायची जुनी पद्धत आहे; पक्षाने पिवळा कुत्रा उभा केला तरी हा त्यालाच मत देईल, असा अर्थ. टेक्ससचे खासदार पीट गेरेन म्हणाले, की आपल्या कुत्र्याचा गळा दोन्हीकडच्या टोकाच्या लोकांनी इतका आवळलाय की तो निळा पडलाय. नाव ठरलं: ब्लू डॉग.

गंमत पुढेच आहे. १९९५ साल सरायच्या आत टॉझिन आणि हेज हे दोघंही रिपब्लिकन पक्षात गेले. ज्यांच्या भिंतीवर कुत्रा टांगला होता ते यजमानच घर सोडून गेले. गट मात्र टिकला. तेव्हापासून या गटापुढे, आणि त्याच्यासारख्या प्रत्येक मध्यममार्गी गटापुढे, दर दोन वर्षांनी एकच प्रश्न येऊन उभा राहतो: आपलं नाव कुणाच्या पाठीशी लावायचं?

मराठी वाचकाला इथे ‘मवाळ’ हा शब्द आठवेल. तो जरा बाजूला ठेवू या. आपल्याकडे मवाळ म्हटलं की रानडे-गोखल्यांची परंपरा आणि १९०७ च्या सुरत अधिवेशनात भिरकावला गेलेला तो प्रसिद्ध जोडा डोळ्यांपुढे येतो. आपले मवाळ हा विचारांचा पंथ होता. अमेरिकेतला मध्यममार्गी गट हा पंथ कमी आणि हिशेब जास्त. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तो हिशेब कसा मांडतात, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

आपल्याकडे निवडणूक आली की पहिला प्रश्न तिकिटाचा. ते पक्षश्रेष्ठी देतात. एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो यासाठी शेवटच्या रात्रीपर्यंत नेत्यांच्या बंगल्याबाहेर गाड्या उभ्या असतात, आणि ज्याला मिळत नाही तो सकाळी बंडखोर म्हणून अर्ज भरतो, नाहीतर दुसऱ्या पक्षाचा फॉर्म घेऊन येतो. अमेरिकेत हा एबी फॉर्मच नाही. पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार ठरवतात. त्यासाठी मुख्य निवडणुकीच्या काही महिने आधी सरकारी यंत्रणेमार्फत वेगळं मतदान होतं. त्याला प्रायमरी म्हणतात. पक्षाच्या अध्यक्षाला एखादा माणूस अजिबात पसंत नसला, तरी तो प्रायमरी जिंकला की पक्षाचं नाव त्याचंच.

प्रायमरीला फार थोडे लोक जातात. २०२२ मध्ये देशभरात मतदानाला पात्र असलेल्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा प्रायमरीत उतरला होता. जे जातात ते आवर्जून जातात, आणि आवर्जून जाणाऱ्याचं मत सहसा ठाम असतं. मध्यममार्गी उमेदवाराची अडचण इथेच सुरू होते. नोव्हेंबरात त्याला आवडीने मत देणारे लोक मार्चमध्ये किंवा ऑगस्टमध्ये घरी बसलेले असतात. अशा वेळी एखाद्या गटाने त्याच्यामागे उभं राहणं, नाव देणं, पैसा मिळवून देणं आणि चार ओळखी करून देणं याला मोल येतं. पक्ष तिकीट देऊ शकत नाही, म्हणून गटांचा जाहीर पाठिंबा ही त्याची जागा अर्धीमुर्धी भरून काढणारी गोष्ट होऊन बसली.

पाठिंबा द्यायचा म्हणजे उमेदवाराला बोलावून ‘तुझे विचार काय’ असं विचारायचं, अशी माझी समजूत होती. विचारतात, पण फार उशिरा. आधी नकाशा उघडतात.

प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा. चार्ली कुक या विश्लेषकाने १९९७ पासून प्रत्येक मतदारसंघाला एक आकडा चिकटवायला सुरुवात केली. अध्यक्षपदाच्या आधीच्या निवडणुकांत तो मतदारसंघ देशाच्या सरासरीपेक्षा कुठल्या बाजूला किती झुकला, हे तो आकडा सांगतो. ‘डी+१२’ म्हणजे डेमोक्रॅटांकडे चांगलाच कललेला, ‘आर+४’ म्हणजे रिपब्लिकनांकडे थोडासा. ‘डी+२५’ असलेल्या शहरी मतदारसंघात मध्यममार्गी गटाला फारसं काम नसतं. तिथे नोव्हेंबरात कुणीही डेमोक्रॅट निवडून येणार. ‘आर+२०’ मध्ये तर पैसा विहिरीत टाकल्यासारखा. शिल्लक राहतात मधले तीसचाळीस मतदारसंघ. गटाचं सगळं कौशल्य, सगळी भांडणं, सगळे फोन या तीसचाळीस नावांभोवती फिरतात.

एके काळी हे मैदान पुष्कळ मोठं होतं. १९८४ मध्ये रेगन यांची लाट असतानाही दीडशेहून अधिक मतदारसंघांनी अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि खासदारकीसाठी दुसऱ्या पक्षाला मत दिलं होतं. २०२४ मध्ये अशा मतदारसंघांची संख्या होती १६. तेरा ठिकाणी ट्रम्प आणि डेमोक्रॅट खासदार, तीन ठिकाणी कमला हॅरिस आणि रिपब्लिकन खासदार. मध्यममार्गी गटांची कथा सांगताना लोक विचारसरणीबद्दल पानंच्या पानं लिहितात. माझ्या मते त्या पानांचं निम्मं काम हा १६ चा आकडा करतो.

नकाशावर जागा सापडली की माणूस शोधायचा. ‘मतदारसंघाला शोभेल असा’ हे शब्द या धंद्यात सारखे ऐकू येतात. २००६ मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या प्रतिनिधिगृह प्रचार समितीचे प्रमुख राम इमॅन्युएल हे असे उमेदवार हुडकत देशभर फिरले. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात त्यांनी हीथ शूलरला गाठलं. शूलर हा फुटबॉलपटू, अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला, चर्चला जाणारा, गर्भपाताला विरोध असलेला. शिकागोतल्या डेमोक्रॅटाला त्याच्याबद्दल कौतुक वाटण्याचं काही कारण नव्हतं, पण शिकागोत तो उभाच नव्हता. शूलर जिंकला, ब्लू डॉग झाला, आणि २०१० च्या पराभवानंतर त्याने नॅन्सी पेलोसी यांच्याविरुद्ध पक्षनेतेपदाची निवडणूकसुद्धा लढवली. १५० विरुद्ध ४३. हरणार हे त्याला ठाऊक होतं; मतदारसंघातल्या लोकांना ते ४३ दिसले पाहिजेत, एवढाच त्यामागचा मतलब असावा.

आता एक अलीकडचं उदाहरण, जरा जवळून बघण्यासारखं. वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिण टोकाला, कोलंबिया नदीच्या काठाने, तिसरा मतदारसंघ पसरलेला आहे. व्हँकूव्हर हे मोठं शहर सोडलं तर जंगलं, लाकूडतोड, छोटी गावं. २०२० मध्ये इथे ट्रम्प साधारण चार टक्क्यांनी पुढे होते. खासदार होत्या जेमी हरेरा बॉइटलर, रिपब्लिकन. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवण्याच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी त्या एक. वॉशिंग्टनमध्ये पक्षांच्या वेगळ्या प्रायमरी नाहीत. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आणि पहिले दोन नोव्हेंबरात जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. ऑगस्ट २०२२ मध्ये बॉइटलर हजारेक मतांनी तिसऱ्या आल्या. दुसरा आला ट्रम्प यांचा पाठिंबा असलेला जो केंट. आणि पहिली आली डेमोक्रॅट मरी ग्लूसेनकँप पेरेझ. ही बाई नवऱ्याबरोबर गाड्या दुरुस्तीचं गॅरेज चालवायची, स्कमेनिया काउंटीतल्या ग्रामीण भागात राहायची.

‘फाइव्हथर्टीएट’ या अंदाज वर्तवणाऱ्या संस्थेने तिच्या जिंकण्याची शक्यता शंभरात दोन धरली होती. राष्ट्रीय पातळीवरच्या बड्या पैशाने तिच्याकडे जवळपास पाठ फिरवली. ती अडीच हजारांच्या आसपास मतांनी निवडून आली. दोन वर्षांनी तोच केंट पुन्हा समोर, ट्रम्प पुन्हा त्या मतदारसंघात पुढे, आणि ती पुन्हा विजयी, या वेळी जास्त फरकाने. ती बोलत काय होती? आपण विकत घेतलेला ट्रॅक्टर किंवा फोन आपल्याला दुरुस्त करता आला पाहिजे, कंपनीने त्याला कुलूप घालू नये. याला तिकडे ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणतात. डाव्या-उजव्याच्या पट्टीवर हा मुद्दा कुठे बसवायचा ते कुणालाच सांगता येत नाही, आणि हाताला ऑइल लागलेल्या प्रत्येकाला तो लगेच कळतो.

तिच्यासारखे उमेदवार निवडणुकीआधी ओळखता यावेत म्हणून आता एक माप वापरतात. बेसबॉलमध्ये एखादा खेळाडू त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या साधारण खेळाडूपेक्षा संघाला किती सामने जास्त जिंकून देतो, हे मोजतात. ‘स्प्लिट तिकीट’ या विश्लेषकांच्या गटाने तेच माप निवडणुकीला लावलं: या मतदारसंघात, या वर्षी, चारचौघांसारखा उमेदवार किती मतं घेईल, आणि या माणसाने किती घेतली? मेनचे जेरेड गोल्डन आणि ग्लूसेनकँप पेरेझ या मापात वर येतात. एकच खोट आहे. जो आधी कधी उभा राहिलेला नाही त्याला हे माप लागत नाही, आणि गटांना बहुतेक वेळा अशाच नवख्या माणसाबद्दल ठरवायचं असतं.

मग मुलाखत. गटाचे दोनतीन विद्यमान खासदार, गटाच्या निधी समितीचा एखादा कर्मचारी, कधी एखादा सल्लागार. त्याआधी प्रश्नावली भरून घेतलेली असते: तूट, कर्ज, संरक्षण, बंदुका, सीमा. या उत्तरांना फारसा अर्थ नसतो, कारण उमेदवाराच्या सल्लागाराने ती लिहिलेली असतात. खरा प्रश्न समोरासमोर येतो: तुमच्याच पक्षाविरुद्ध तुम्ही कुठे मत द्याल? याची दोन उत्तरं घात करतात. ‘कुठेच नाही’ म्हटलं तर गटाला तुमची गरज नाही. आणि दहा मुद्द्यांची यादी धडाधड म्हणून दाखवली, तर तुम्ही मतदारसंघाचं नव्हे, गटाचं तोंड बघून बोलताय हे कळतं. चांगला उमेदवार एखादंच उदाहरण देतो आणि ते आपल्या गावातलं असतं: बंद पडलेली गिरणी, धरणाचं पाणी, कुठल्यातरी पुलाचा टोल.

आकड्यांकडेही बारकाईने पाहतात. प्रत्येक उमेदवाराला केंद्रीय निवडणूक आयोगाकडे दर तिमाहीला जमाखर्च द्यावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो. किती जमवले यापेक्षा हातात किती शिल्लक आहे आणि खर्चाचा वेग काय, हे आधी बघतात. मग देणगीदारांची गावं. २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव-गाव त्या हिशेबात छापून येतं. एखाद्या ग्रामीण उमेदवाराची सगळी नावं न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोची निघाली, तर समोरचा पक्ष प्रचारात काय दाखवणार हे गटाला आधीच दिसतं.

शिल्लक कुठून येते? फोनवरून. उमेदवार रोज चारचार तास एका खोलीत बसतो. शेजारी एक तरुण मदतनीस, त्याच्या पुढ्यात नावांची यादी: हा दंतवैद्य, गेल्या वेळी अमक्याला ५०० दिले होते, मुलीचं लग्न नुकतंच झालंय. मदतनीस नंबर फिरवतो, उमेदवार बोलतो, आणि रक्कम उच्चारल्यावर गप्प बसतो. गप्प बसणं हा शिकवण्याचा भाग आहे. जो आधी बोलेल तो हरला. जो उमेदवार या खोलीत बसायला कंटाळतो त्याला बहुतेक गट पाठिंबा देत नाहीत, त्याचे विचार कितीही समतोल असोत. हा निकष मला कधीच पटलेला नाही. शांत, अभ्यासू, लोकांकडे पैसे मागताना संकोचणारी माणसं तो सुरुवातीलाच गाळून टाकतो, आणि मध्यममार्गी स्वभावाची माणसं बहुधा तशीच असतात.

गट स्वतः किती देतो, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. कायद्याने अशी निधी समिती एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ५,००० डॉलर देऊ शकते. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरल्या तर १०,०००. चुरशीच्या लढतीत खर्च कित्येक दशलक्षांत जातो, त्यात हे दहा हजार म्हणजे चहापाणी. मोल आहे ते पाठोपाठ येणाऱ्या पैशाला. स्त्री उमेदवारांना मदत करण्यासाठी १९८५ मध्ये एमिलीज लिस्ट ही संस्था निघाली, तेव्हा हे तिने नावातच सांगितलं. ‘एमिली’ ही कुणी बाई नव्हे. सुरुवातीचा पैसा यीस्टसारखा असतो, त्याने पीठ फुगतं, या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं. आपल्याकडे ही संस्था निघाली असती तर नाव विरजणावरून पडलं असतं. ती मध्यममार्ग्यांची संस्था नाही, पण ‘जिंकण्याची शक्यता’ हा निकष आधी, बाकी सगळं नंतर, ही शिस्त तिच्याकडून सगळ्यांनी उचलली.

२०१० मध्ये न्यायालयांच्या निकालांनंतर आणखी एक वाट उघडली. उमेदवाराशी संगनमत न करता, स्वतंत्रपणे, कितीही खर्च करता येतो. मग संगनमत न करता कळणार कसं, की उमेदवाराला कुठली जाहिरात हवी आहे? उमेदवाराच्या संकेतस्थळावर एखाद्या कोपऱ्यात लाल चौकट असते. तिच्यात लिहिलेलं असतं, की अमुक भागातल्या पन्नाशीपुढच्या बायकांना आमच्या उमेदवाराच्या लष्करी सेवेबद्दल टीव्हीवर ऐकायला मिळालं पाहिजे. साध्या मतदाराला ते वाचून काही बोध होत नाही. ज्याच्यासाठी लिहिलंय तो रोज ती चौकट उघडून बघतो. सगळं जाहीर, म्हणून सगळं कायदेशीर.

कधी कधी पाठिंब्यानेच माणूस बुडतो. इलिनॉयचे डॅन लिपिन्स्की ब्लू डॉगचे एक प्रमुख होते, गर्भपाताच्या विरोधातले. त्यांचा मतदारसंघ शिकागोला लागून, डेमोक्रॅटांकडे चांगलाच झुकलेला. २०१८ च्या प्रायमरीत ते थोडक्यात वाचले. २०२० मध्ये त्याच प्रतिस्पर्धी मरी न्यूमन यांनी त्यांना पाडलं. लिपिन्स्की बदलले नव्हते. तेच मत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात शूलरला तारत होतं आणि इथे त्यांना भोवलं.

रिपब्लिकन बाजूला हाल याहून वाईट. महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या त्या दहांपैकी चौघांनी निवडणूकच लढवली नाही, चौघं प्रायमरीत पडले, दोघं वाचले: वॉशिंग्टनचे डॅन न्यूहाउस आणि कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हलडेओ. दोन्ही राज्यांत सगळ्यांची मिळून एकच प्रायमरी असते, हा निव्वळ योगायोग नसावा; बॉइटलर यांना मात्र तीही वाचवू शकली नाही. पडलेल्यांत मिशिगनचे पीटर मायर होते. त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला उचलून धरणाऱ्या जाहिरातींवर डेमोक्रॅट पक्षाच्याच प्रचार समितीने चार लाख डॉलरहून अधिक खर्च केले. हेतू एवढाच की मध्यममार्गी रिपब्लिकन घरी जावा आणि नोव्हेंबरात सोपा माणूस समोर यावा. तसंच झालं, हिलरी शोल्टन यांनी ती जागा घेतली. एका पक्षाचे मध्यममार्गी गट प्रायमरीत आपला माणूस वाचवायला धडपडत असतात, तेव्हा दुसरा पक्ष त्यालाच पाडायला पैसे ओततो, हे गणित कुठल्याच प्रश्नावलीत बसत नाही.

मिशिगनवरून आठवलं. त्याच ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्याच तेराव्या मतदारसंघात, डेट्रॉइटमध्ये, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेमोक्रॅट प्रायमरीत उभे होते. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकांना ठाऊक आहे. प्रश्न मध्यममार्गाचा नव्हता. शहरातल्या कृष्णवर्णीय नेत्यांना जागा आपल्याकडे ठेवायची होती. त्यासाठी त्यांनी समिती नेमली, इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या आणि ॲडम हॉलियर यांच्या नावावर शिक्कामोर्तब केलं. बाकीच्यांनी माघार घ्यावी अशी अपेक्षा होती. ती कुणी मनावर घेतली नाही. मतपत्रिकेवर नऊ नावं राहिली, मतं फुटली, आणि स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर ओतलेले ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले. समितीची मुलाखत कितीही नेटकी असो, नाकारलेल्यांना घरी बसवण्याची ताकद नसली की पाठिंबा म्हणजे एक प्रसिद्धिपत्रक.

दोन्ही पक्षांपासून सारखं अंतर राखणाऱ्या गटांची पंचाईत आणखी वेगळी. २०१० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘नो लेबल्स’ची घोषणा झाली. नावाचाच अर्थ, आम्हाला पक्षाची चिठ्ठी चिकटवू नका. २०१४ मध्ये त्यांनी ‘प्रश्न सोडवणारा’ असा शिक्का द्यायला सुरुवात केली, आणि कोलोरॅडोत सिनेटसाठी उभे असलेले रिपब्लिकन कोरी गार्डनर यांना तो मिळाला. समोर होते विद्यमान सिनेटर मार्क युडॉल, तेही काही टोकाचे डेमोक्रॅट नव्हेत. डेमोक्रॅट मंडळी भडकली. गार्डनर जिंकले. शिक्का देणाऱ्याने मनात काहीही धरलं असो, चुरशीच्या लढतीत शिक्का दोघांपैकी एकाच्याच कामी येतो.

दहा वर्षांनी त्याच गटाने थेट अध्यक्षपदासाठी तिसरी जोडी उभी करायचं ठरवलं. वीसएक राज्यांत मतपत्रिकेवर जागा मिळवली. मग उमेदवार शोधायला निघाले. तीसेक लोकांशी बोलणं झालं. सिनेटर जो मॅन्चिन नको म्हणाले, माजी गव्हर्नर निकी हेली नको म्हणाल्या, माजी गव्हर्नर क्रिस क्रिस्टींनीही नकार दिला. मार्च २०२४ अखेर गटाचे संस्थापक अध्यक्ष जो लीबरमन वारले आणि ४ एप्रिलला गटाने हे प्रकरण गुंडाळलं. पैसा होता, जागा होती, माणूस मिळाला नाही, असं तेव्हा लिहिलं गेलं. मला वाटतं त्यांनी क्रम उलटा लावला होता. आधी मतदारसंघ निवडायचा असतो, आणि इथे मतदारसंघ म्हणजे अख्खा देश. त्यातला नेमका कुठला कोपरा आपला, हे त्यांना कधीच सांगता आलं नाही.

शेवटची परीक्षा सगळ्यात अवघड, कारण तिचं उत्तर निवडणुकीनंतर मिळतं. हा माणूस राहील का? टॉझिन-हेजपासून गटांना ही धास्ती आहे. २००८ मध्ये अलाबामातून निवडून आलेले ब्लू डॉग पार्कर ग्रिफिथ वर्षभरात रिपब्लिकन झाले आणि पुढच्या प्रायमरीत नव्या पक्षाच्या मतदारांनी त्यांना घरी पाठवलं. न्यू जर्सीचे जेफ व्हॅन ड्रू २०१८ मध्ये ब्लू डॉग म्हणून आले, ट्रम्प यांच्यावरच्या पहिल्या महाभियोगाच्या वेळी पक्ष सोडला, आणि ते मात्र टिकले. जो मतदारसंघाला इतका चपखल बसतो की पक्षाशी भांडू शकतो, तो पक्ष सोडूनही जाऊ शकतो. यावर कुठल्याच गटाला तोड सापडलेली नाही.

गटातसुद्धा कोण राहतं याची खात्री नसते. २०१० मध्ये ब्लू डॉग एका निवडणुकीत ५४ वरून २६ वर आले. २०२३ च्या सुरुवातीला नाव बदलून ‘कॉमन सेन्स’ ठेवायचा प्रस्ताव आला, वाद झाला, आणि बरेच सभासद बाहेर पडून गट एकेरी आकड्यावर उतरला. बाहेर पडलेल्यांत ॲबिगेल स्पॅनबर्गर आणि मिकी शेरिल होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक व्हर्जिनियाची आणि दुसरी न्यू जर्सीची गव्हर्नर म्हणून निवडून आली.

कोलोरॅडोचा तिसरा मतदारसंघ मात्र या सगळ्या गटांना अजून आठवत असेल. रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावरचा हा विस्तीर्ण भाग. २०२२ मध्ये तिथे रिपब्लिकन खासदार लॉरेन बोबर्ट यांच्यासमोर ॲस्पेन शहराचे माजी नगरसेवक ॲडम फ्रिश उभे होते. मध्यममार्गी डेमोक्रॅटांच्या ‘वेलकम’ या निधी समितीने त्यांच्यामागे ताकद लावली. बाकी बहुतेकांनी जागा आधीच सोडून दिली होती. फ्रिश ५४६ मतांनी हरले. देशभरातली ती एक सर्वात अटीतटीची लढत ठरली, आणि मग एकदम सगळ्यांना कोलोरॅडो दिसू लागलं. २०२४ साठी फ्रिश यांच्याकडे एक कोटी डॉलरहून जास्त पैसा आला, पाठिंब्यांची रांग लागली. डिसेंबर २०२३ मध्ये बोबर्ट यांनी मतदारसंघ बदलला आणि राज्याच्या पूर्व टोकाला, रिपब्लिकनांच्या सुरक्षित चौथ्या मतदारसंघात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या जागी कुणीतरी कट्टर यावा म्हणून काही डेमोक्रॅट गटांनी रिपब्लिकन प्रायमरीत पैसे खर्चून पाहिले. तिथल्या मतदारांनी निवडला जेफ हर्ड नावाचा शांत, चारचौघांसारखा वकील. नोव्हेंबरात फ्रिश पाच टक्क्यांनी हरले. बोबर्ट चौथ्या मतदारसंघातून आरामात निवडून आल्या.